प्लॅस्टिकला विचारा

माझी मावशी रागावली की ओरडायची नाही, कागद मागायची. कोरा कागद, पेन आणि मध्ये घालायला कार्बन. मग एक प्रत साहेबांच्या टेबलावर जायची आणि दुसरी तिच्या पिशवीत. आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाचा खालचा अख्खा कप्पा असल्या प्रतींनी भरलेला होता. आई म्हणायची, "बाकीच्या बायका साड्या साठवतात, आमच्या हिने भांडणं साठवली."

मावशीने लग्न केलं नाही. ती आमच्याकडेच राहायची. पस्तीस वर्षं तिने सरकारी बांधकाम खात्यात काढली, त्यातली बहुतेक तळमजल्यावरच्या नकाशांच्या खोलीत. ऑफिसात तिला 'टाचणीबाई' म्हणत. जुन्या नकाशांत गंजलेल्या टाचण्या सापडत. त्या ती चिमट्याने अलगद काढायची आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायची. नाव त्यावरून पडलं की तिच्या टोचून बोलण्यावरून, यावर ऑफिसात दोन तट होते.

तेविसाव्या वर्षी ती तिथे कारकून म्हणून लागली, तेव्हा त्या खोलीत सोळा लोखंडी कपाटं होती आणि कपाटांत सरपणाच्या मोळ्यांसारख्या बांधलेल्या गुंडाळ्या. कोर्ट, मोठा दवाखाना, पाण्याची टाकी, ग्रंथालय, दोन पूल. सव्वाशे वर्षांत त्या शहरात जे जे सरकारने बांधलं, त्याचे हाताने काढलेले नकाशे. काही जाड कागदावर रंग भरून, काही कांद्याच्या सालीसारख्या पातळ ट्रेसिंग कागदावर, काही खळ दिलेल्या तलम कापडावर. ते कापड उकळत्या पाण्यात टाकलं की खळ आणि शाई दोन्ही निघून जातात आणि खाली छान मऊ सुती कापड उरतं. मावशी लागली त्या वर्षी एक हेडक्लार्क कोर्टाच्या घुमटाने नाक पुसत असे. तिने विचारलं, तर म्हणाला, "अहो, बघतंय कोण त्या नकाशांकडे? निदान वापरात तरी आला." मावशीने लिहिलेलं पहिलं पत्र त्या रुमालाबद्दल होतं.

काम तिला शिकवलं ते खात्याच्या बाइंडरकाकांनी. रजिस्टरं बांधणारा म्हातारा माणूस, पण हात असा की कागदाला कळायचंही नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ किती वेळ शिजवायची, ती चाळणीतून तीनदा का गाळायची, फाटलेल्या जागी मागून तलम कागदाची पट्टी लावताना तिच्या कडा कात्रीने कापायच्या नाहीत, ओल्या करून ओढून काढायच्या, म्हणजे तंतू मोकळे राहतात आणि जोड बोटाला लागत नाही. गुंडाळी कधी ओढून सरळ करायची नाही. ती ओलसर टीपकागद ठेवलेल्या बंद पेटीत एक दिवस ठेवायची, आपण होऊन सैल पडते. मग टीपकागदांच्या मध्ये घालून वर काच आणि काचेवर वजन. निळ्या नकाशांना चुन्याचा अंश असलेल्या कागदाजवळही ठेवायचं नाही, निळा रंग मरून तपकिरी होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपण जे लावू ते उद्या कुणाला तरी पाण्याने काढता आलं पाहिजे. "आपल्याला अक्कल कमी असू शकते," काका म्हणायचे, "पुढच्याला जास्त असेल. त्याची वाट अडवायची नाही."

काका निवृत्त झाले आणि ती एकटी उरली. पुढची अठरा वर्षं तिने एकेक गुंडाळी उघडली. शिपाईदादा तिच्या मदतीला असे. तिच्याच वयाचा, अबोल. ती त्याच्याही मागे लागायची, "टीचभर कपटासुद्धा मला विचारल्याशिवाय टाकायचा नाही." तो मान हलवायचा.

मग नवे मोठे साहेब आले. त्यांना फिती कापायची फार हौस. रस्त्याची फीत, पुलाची फीत, एकदा तर ऑफिसातल्या पाणी थंड करायच्या यंत्राची फीत. त्यांचं नाव 'फीतसाहेब' पडायला आठवडाही लागला नाही. खात्याचं कसलंसं मोठं वर्ष भरत होतं आणि साहेबांना जुन्या नकाशांचं प्रदर्शन भरवायचं होतं. त्यासाठी त्यांनी लॅमिनेशनचं मोठं यंत्र घेतलं. सगळे नकाशे प्लॅस्टिकमध्ये घालून कायमचे सुरक्षित करायचे, असा आदेश निघाला. तीन महिन्यांत.

मावशी त्यांच्या खोलीत गेली. तो संवाद तिने आम्हाला इतक्यांदा सांगितला, की मला तो पाठ आहे.

"बाई, हे कागद अजून किती टिकतील?"

"नीट ठेवले तर अजून शंभर वर्षं."

"प्लॅस्टिकमध्ये घातले तर कायमचे टिकतील."

"साहेब, ते यंत्र गरम असतं. त्यातला डिंक वितळून कागदात शिरतो. मग कागद परत बाहेर काढता येत नाही. सुरकुतीवर प्लॅस्टिक बसलं की ती घडी जन्माची. कागदातला आंबटपणा आतच कोंडतो आणि कागद आतून जळतो."

"पण परत बाहेर काढायचाय कशाला?"

मावशीकडे याचं उत्तर होतं. साहेबांनी तोवर फोन उचलला होता.

तिने पत्र लिहिलं. त्यात आणखी एक गोष्ट होती. यंत्राचं तोंड तीन फूट रुंद आणि निम्मे नकाशे साडेतीन-चार फूट. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, "कडा कापा. कडेला काय असतं? चौकट." मावशीने लिहिलं: 'कडेला नकाशा काढणाऱ्यांनी आणि नंतरच्या इंजिनिअरांनी केलेल्या बदलांच्या नोंदी असतात. मधलं चित्र इमारत कशी ठरली ते सांगतं, कडा ती कशी झाली ते सांगतात. कडा कापू नयेत.' आणि शेवटी: 'हे काम मी करणार नाही.'

चौथ्या दिवशी तिची बदली झाली. त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तुंबलेल्या गटारांच्या तक्रारी घेण्याच्या खिडकीत.

लॅमिनेशन एका ठेकेदाराच्या माणसांनी केलं. अकराशे चाळीस नकाशे. प्रदर्शनाला मावशी मला घेऊन गेली. दिव्याखाली सगळं चकाचक चमकत होतं, लोक वाहवा करत होते. मावशी पाण्याच्या टाकीच्या नकाशापुढे थांबली. त्याचा ट्रेसिंग कागद आतल्या आत चुरगळून सुरकुत्यांसकट गोठला होता आणि टाकीच्या घुमटावर हवेचा एक लांबट फुगा होता. डाव्या बाजूची पाच बोटं रुंद पट्टी नव्हती. प्रमाण त्या पट्टीवर लिहिलेलं होतं. मावशीचे ओठ पांढरे पडले. ती मला म्हणाली, "चल. मी इथे थांबले तर कुणाचा तरी गळा धरीन." रस्ता ओलांडताना तिने माझं मनगट इतकं आवळलं, की दुसऱ्या दिवशीही वळ होते.

त्यानंतर तिने नकाशांच्या खोलीचं नाव टाकलं. जिन्यावरून जाताना ती त्या दाराकडे बघायचीही नाही. दोन वर्षं ती खिडकीत बसून गटारं लिहून घेत राहिली, आणि तिचा राग असा कडक होत गेला, की घरात तिला साधं "चहा घेतेस का?" विचारायचीही भीती वाटे.

आता जे झालं ते सांगते. ते मावशीने स्वतः सगळ्यांपुढे सांगितलेलं आहे, म्हणून मी सांगतेय.

मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर दोन खोल्यांची एक करायची होती. मधली भिंत पाडायची. काम एका इंजिनिअरकडे होतं. दुसऱ्या शहरातून बदली होऊन आलेला, सरळ माणूस. त्याने नकाशा मागवला. लॅमिनेशन केलेला नकाशा आला. त्यात ती भिंत नुसतीच आडोशाची दिसत होती. पण त्याला शंका होती. कुणीतरी त्याला सांगितलं, टाचणीबाईंना सगळं तोंडपाठ आहे. एका दुपारी कँटीनमध्ये तो मावशीच्या टेबलापाशी आला.

"बाई, दवाखान्याच्या त्या मधल्या भिंतीचं काही आठवतंय का तुम्हाला? नकाशाच्या कडेला काही होतं का?"

मावशीला आठवत होतं. तो नकाशा तिनेच दुरुस्त केला होता. कडेच्या नोंदीतूनच तो फाटलेला होता, आणि 'नये' या शब्दातला 'न' दोन तुकड्यांतून जुळवायला तिला अख्खी सकाळ लागली होती.

ती म्हणाली, "माझ्या खिडकीत गटारं मिळतात. नकाशाचं प्लॅस्टिकला विचारा."

कँटीन हसलं. इंजिनिअरही ओशाळून हसला आणि गेला. तो विनोद संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर फिरला. मावशी त्या दिवशी घरी आली ती खुशीत होती. कितीतरी महिन्यांनी तिने आम्हाला काहीतरी रंगवून सांगितलं. मीही हसले होते.

"उद्या येईल परत," ती म्हणाली. "पुन्हा एकदा विचारू दे. साहेबाची चिठ्ठी घेऊन येऊ दे. मग सांगीन."

तो आला नाही. सहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता भिंत पाडायला घेतली आणि तिच्या मागचा जिना खाली आला. त्याखाली एक गवंडी सापडला. तिथून चाळीस पावलांवर त्याच दवाखान्याच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बातमी मावशीला तिच्या खिडकीतच कळली. घरी आली तेव्हा तिने कागद मागितला नाही. स्वयंपाकघरात खाली बसली आणि आईला म्हणाली, "ताई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ती भिंत जिना तोलून धरते हे. त्याने विचारलं, तेव्हा मी थट्टा केली."

आई गॅस बंद करून तिच्यासमोर बसली. मला वाटलं, आई म्हणेल, चूक त्यांची, तुझा काय दोष. आई म्हणाली, "तुझा राग खरा होता गं. पण तू तो भलत्याच माणसावर काढलास."

मावशी रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती दोन वर्षांनी नकाशांच्या खोलीत गेली आणि शिपाईदादाला म्हणाली, "त्या कापलेल्या कडांचं काय केलंत?"

"साहेब म्हणाले, जाळून टाका."

"मग?"

"तुम्ही सांगितलं होतं, कपटा टाकायचा तर विचारून टाकायचा. तुम्ही नव्हतात. विचारणार कुणाला? ठेवल्या."

जनरेटरच्या खोलीत, डिझेलच्या डब्यांच्या मागे, अकरा पोती होती. सुतळीने तोंड बांधलेली. मावशीने सात दिवस त्या पोत्यांत डोकं घातलं. नाकाला रुमाल, हातात चिमटा. आठव्या पोत्यात ती पट्टी निघाली. लाल शाईत, बारीक, तिरक्या अक्षरात: 'मधली भिंत मूळ आराखड्यात आडोशाची होती. जिना नंतर केला, त्याचा भार आता या भिंतीवर आहे. काढू नये.'

चौकशीला तीन अधिकारी बसले. फीतसाहेब म्हणाले, नकाशात अशी नोंद कधी नव्हतीच. मावशीने पट्टी पुढे ठेवली. मग लॅमिनेशन केलेला नकाशा मागवून पट्टी त्याच्या कापलेल्या कडेला लावली. एक तुळई अर्धी नकाशात होती, अर्धी पट्टीवर. रेघ रेघेला जुळली. तिने आपल्या जुन्या पत्राची प्रतही ठेवली.

साहेब सावरून बसले. "इतकी महत्त्वाची नोंद होती, तर बाईंनी काम सुरू होताना का नाही सांगितलं?"

इंजिनिअर तिथेच होता. कँटीनमधलं बोलणं त्याने आपल्या जबाबात लिहिलं नव्हतं. का नाही, ते त्याने कधीच सांगितलं नाही. मावशी गप्प राहिली असती तर ते तिथेच मिटलं असतं.

"मला विचारलं होतं," मावशी म्हणाली. "मला माहीत होतं. मी म्हणाले, प्लॅस्टिकला विचारा."

शिपाईदादा दाराशी उभा होता. तो सांगतो, मधल्या अधिकाऱ्याने ते शब्द जसेच्या तसे तिच्या जबाबात लिहून घेतले.

निकाल चार महिन्यांनी आला. कडा कापण्याचा निर्णय 'वेळेच्या मर्यादेत, सद्हेतूने' घेतलेला होता, म्हणून साहेबांवर काही नाही. भिंत पाडणारा ठेकेदार तर मंजूर नकाशाप्रमाणे वागला होता, त्याच्यावरही काही नाही. माहिती असून ती न दिल्याबद्दल टाचणीबाईंच्या सेवापुस्तकात ठपका. एवढंच.

मी चवताळले. "हे लोक तुलाच अडकवतायत! वरती अपील कर!"

मावशीने कागद मागितला. लिहिलं: 'माझ्यावरचा ठपका योग्य आहे व मला तो मान्य आहे. उरलेले दोन ठपके कुठे आहेत, ते कळवावे.' उत्तर आलं नाही. ती दर महिन्याला स्मरणपत्र पाठवत राहिली. एकोणीस स्मरणपत्रं. साहेब तोवर बढती घेऊन दुसरीकडे फिती कापायला गेले होते.

गवंड्याकडे ती गेली. मी बरोबर होते. दोन खोल्यांचं घर, भिंतीला टेकवलेल्या कुबड्या. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही साहेबावर रुसला होता."

"हो."

"भांडण तुमचं नि साहेबाचं. पाय माझा." तो आवाज न चढवता बोलला. "बाई, परत येऊ नका."

ती परत गेली नाही. त्याने खात्यावर आणि साहेबांवर भरपाईसाठी दावा लावला, तेव्हा मात्र कोर्टात साक्षीला उभी राहिली आणि कँटीनपासून सगळं पुन्हा सांगितलं. साहेबांच्या वकिलाने तिची पार सालटी काढली. दावा गवंड्याने जिंकला. बाहेर पडताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही आणि तिनेही त्याला गाठायचा प्रयत्न केला नाही.

ठपका लागला तरी तिला नकाशांच्या खोलीत परत घ्यावं लागलं, कारण ती पोती जुळवणं दुसऱ्या कुणाला जमणार नव्हतं. शेवटची आठ वर्षं तिने प्लॅस्टिक काढण्यात घालवली. तोंडावर मास्क, खिडकीत हवा ओढणारा पंखा. आधी एका कोपऱ्यात शाई पळते का ते बघायचं. मग डिंक सैल करणारं रसायन कापसाने प्लॅस्टिकच्या कडेला लावायचं, पातळ पात्याने बोटभर उचलायचं, थांबायचं, पुन्हा लावायचं. जाड कागदाचा एक नकाशा सुटायला दोन-तीन दिवस. ट्रेसिंग कागदाचे बरेचसे सुटलेच नाहीत, प्लॅस्टिकबरोबर पापुद्र्यासारखे निघून आले. अकराशे चाळिसांपैकी तीनशे शहाऐंशी तिने सोडवले आणि त्यांच्या कडा त्यांना परत जोडल्या. जोड मुद्दाम दिसेल असा ठेवला. मी म्हटलं, "तुझा जोड तर कधी दिसत नाही."

"फाटलं असतं तर लपवला असता," ती म्हणाली. "हे कापलंय. दिसू दे कुणी कापलं ते."

आणि तिने एक नियम करून घेतला. जुन्या इमारतीची कोणतीही भिंत पाडायची, तर मूळ नकाशा कडेसकट पाहिल्याची नकाशा-खोलीची सही लागेल. त्याला चार वर्षं आणि सत्तावीस पत्रं लागली. ठेकेदार त्या फॉर्मला शिव्या घालतात. इंजिनिअर लोक रांगेत उभे राहतात आणि खोलीतल्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं लेखी उत्तर त्याच दिवशी द्यावं लागतं. हे शेवटचं कलम मावशीने स्वतःसाठी घातलं होतं. खोलीतला माणूस कितीही रागात असो, असं तिने मसुद्यात लिहिलं होतं. ते शब्द वरच्या कार्यालयाने गाळले.

ती निवृत्त झाली, त्यालाही आता चौदा वर्षं होतील. तिच्या जागी एक बाई परीक्षा देऊन लागल्या आहेत. कामात चोख, स्वभावाने मऊ. मावशीला तो मऊपणा पसंत नाही. गेल्या महिन्यात त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, नकाशांच्या खोलीच्या बरोबर वर अधिकाऱ्यांसाठी नवं बाथरूम काढतायत, पाइप कपाटांवरून जाणार आहे.

"लिहून दिलंत?" मावशीने विचारलं.

"तोंडी बोलले. साहेब म्हणाले, बघू."

मावशीचं वय बाहत्तर. गुडघे गेलेत, डाव्या डोळ्याला मोतीबिंदू. ती उठून बसली. मी काही न विचारता कागद, पेन आणि कार्बन आणून ठेवला. पत्र तीन आठवड्यांपूर्वी गेलं. उत्तर नाही. उद्या ती स्वतः साहेबांकडे जाणार आहे, आणि मी रजा टाकली आहे, कारण दोन जिने तिला एकटीला चढवणार नाहीत.